डिझेल इंजिनाचा लगाम

घाट चढणाऱ्या मालमोटारीचा चालक ज्या पट्टीवर पाय दाबतो, त्या पट्टीला इंजिनाचा लगाम समजण्याची रीत आहे. पेट्रोलच्या जुन्या गाडीपुरतें तें खरेंही होतें. तेथें पट्टी दाबली कीं हवेच्या वाटेंतील झडप उघडे, हवा व पेट्रोल यांचें मिश्रण अधिक प्रमाणांत आंत जाई आणि गाडी वेग घेई. डिझेलच्या इंजिनाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या चालकाचा पाय आणि सिलिंडरांत पडणारा इंधनाचा थेंब यांच्यामध्यें तिसराच एक अधिकारी बसलेला असतो. त्याला गव्हर्नर म्हणजे नियामक म्हणतात. 'पाय दाबला तरी गाडी उचलत नाहीं', 'पिकअप घेत नाहीं', 'उभी गाडी आपल्याच मनानें गुरगुरते आणि शांत होते', या तक्रारी डिझेल मालमोटारींइतक्याच जुन्या आहेत. त्यांचें मूळ पुष्कळदां भलत्याच ठिकाणीं शोधलें जातें. याचें कारण असें कीं, हा तिसरा अधिकारी तेथें कां आला व त्याला कोणतें काम नेमून दिलें आहे, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. तें समजण्यास थोडें मागें जावें लागतें.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें १८९२ सालीं आपल्या कल्पनेच्या पेटंटसाठीं अर्ज केला. ठिणगीशिवाय, केवळ दाबून तापविलेल्या हवेंत इंधन सोडून तें पेटवावयाचें, ही ती कल्पना. १८९३ च्या ऑगस्टच्या १० तारखेस ऑग्सबुर्ग येथील कारखान्यांत पहिला प्रयोग झाला, तेव्हां दाब मोजण्याचें उपकरणच फुटून उडालें. पुढच्या वर्षीं, १७ फेब्रुवारी १८९४ रोजीं, इंजिन स्वतःच्या बळावर जेमतेम मिनिटभर चाललें. १८९७ च्या फेब्रुवारींत मात्र प्राध्यापक श्रोटर यांच्या देखरेखीखालीं रीतसर परीक्षा झाली. सुमारें वीस अश्वशक्तीच्या त्या इंजिनानें इंधनांतील उष्णतेपैकीं २६ टक्क्यांहून थोडा अधिक भाग उपयोगी कामांत आणून दाखविला. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना असा हिशेब स्वप्नांतही जमणारा नव्हता.

परंतु हें इंजिन माणसापेक्षां उंच आणि कित्येक टन वजनाचें होतें. त्यांत इंधन सोडण्याची पद्धतिही अवजड होती. साठ-सत्तर वातावरणांच्या दाबाची हवा तयार करणारा एक स्वतंत्र दाबयंत्राचा संच जवळ ठेवावा लागे, आणि त्या हवेच्या फुंकरीनें तेल सिलिंडरांत उडविलें जाई. कारखान्याच्या भिंतीआड किंवा जहाजाच्या पोटांत हें चालून जाई. रस्त्यावरच्या गाडीला तें ओझें पेलणारें नव्हतें. आपलें इंजिन सर्रास रस्त्यावर धांवतांना पाहणें डिझेलच्या नशिबीं नव्हतें. १९१३ च्या सप्टेंबरच्या २९ तारखेस रात्रीं इंग्लंडकडे जाणाऱ्या 'ड्रेस्डेन' बोटीवरून तो नाहींसा झाला.

हवेची फुंकर टाळून नुसत्या पंपाच्या जोरावर तेल फवारण्याची खटपट इतर लोक करीत होतेच. इंग्लंडांत हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्ट यानें १८९० च्या सुमारास तापलेल्या गोळ्याच्या साह्यानें पेटणारें तेलाचें इंजिन सिद्ध केलें होतें. त्यांत तेल पंपानेंच आंत जाई. जर्मनींत बेंझ कारखान्यांतील प्रॉस्पर लॉरांज यानें १९०९ सालीं मुख्य सिलिंडराच्या डोक्याशीं एक लहान पूर्वकक्ष जोडण्याची युक्ति काढली. तेल प्रथम त्या कक्षांत पडून पेटावें आणि त्या ज्वाळेच्या जोरानेंच उरलेलें तेल मुख्य सिलिंडरांत फेंकलें जावें, अशी ती योजना होती. त्यामुळें फवाऱ्याला लागणारा दाब कमी झाला. १९२३ सालीं बेंझच्या कारखान्यांतून पन्नास अश्वशक्तीचें डिझेल इंजिन बसविलेली पांच टनी मालमोटार चांचणीसाठीं बाहेर पडली. पुढच्याच वर्षीं ऑग्सबुर्गच्या कारखान्यानेंही आपली डिझेल मालमोटार लोकांपुढें मांडली.

आतां खरी अडचण पुढें आली. नव्वद अश्वशक्तीचें, सहा सिलिंडरांचें एखादें ट्रकचें इंजिन घेतलें, तर पूर्ण भारावर प्रत्येक सिलिंडरांत एका वेळीं पडणारें तेल साधारण एका थेंबाएवढें असतें. इंजिन मिनिटाला २८०० फेरे करीत असेल, तर प्रत्येक सिलिंडरांत मिनिटाला १४०० वेळां असा फवारा उडतो. प्रत्येक फवाऱ्याला मिळणारा वेळ सेकंदाच्या पांचशेव्या भागाहूनही कमी असतो. इंजिन रिकामें चालत असेल, तर त्या थेंबाचा अगदीं लहानसा अंशच द्यावयाचा असतो, आणि तोही साही सिलिंडरांना सारखाच. एवढें सूक्ष्म माप करणारा पंप प्रत्येक इंजिनवाल्यानें आपापल्या घरीं घडवावयाचा, ही गोष्ट परवडण्यासारखी नव्हती.

हें काम स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यानें अंगावर घेतलें. विद्युत्-ठिणगीच्या साधनांवर त्याचा धंदा उभा होता. ठिणगीच न लागणारें इंजिन उद्यां सर्वत्र झालें तर आपल्या धंद्याचें काय, ही धास्ती त्याच्या निर्णयामागें नव्हती असें म्हणतां येणार नाहीं. १९२२ च्या अखेरीस त्यानें पंपाच्या कामास हात घातला, आणि १९२७ च्या नोव्हेंबरांत पहिले एक हजार पंप कारखान्याबाहेर पडले. या पंपाची रचना इतकी मार्मिक आहे कीं, नंतरच्या कित्येक दशकांत तिच्या मूळ तत्त्वांत फरक करावा लागला नाहीं. पंपांतील दट्ट्या नेहमीं सारखीच धांव घेतो. त्याच्या अंगावर एक तिरपी खांच कोरलेली असते. दट्ट्या वर चढतांना ही खांच बाजूच्या छिद्रासमोर आली कीं, दाब सुटतो व फवारा थांबतो. एक दातेरी दांडी दट्ट्याला स्वतःभोंवतीं किंचित् फिरविते. दट्ट्या जितका फिरला, तितकी खांच लवकर किंवा उशिरां छिद्रासमोर येते, आणि त्या मानानें तेल कमी किंवा अधिक जातें. दट्ट्या आणि त्याचें घर यांच्यांतील फट मिलिमीटरच्या कांहीं हजाराव्या भागांइतकीच असते. गाळणींतून सुटलेला धुळीचा एखादा कणही तेथें वाळवंटांतील खडकासारखा ठरतो, तो यामुळें.

मग ती दातेरी दांडी सरळ चालकाच्या पायाला कां जोडली नाहीं? याचें उत्तर पंपाच्या स्वभावांतच आहे. दांडी एका जागीं स्थिर धरली आणि इंजिनाचा वेग वाढूं दिला, तर असा पंप प्रत्येक फेऱ्याला किंचित् अधिकच तेल देऊं लागतो. वेग वाढला म्हणून तेल वाढतें आणि तेल वाढलें म्हणून वेग वाढतो. पेट्रोलच्या इंजिनांत अर्धवट मिटलेली झडप हवेची वाट अडविते व वेगाला आपोआप बांध पडतो. डिझेलमध्यें हवा मोकळी येत असते, म्हणून तसा बांध नाहीं. भार अचानक सुटला तर असें इंजिन बेफाम होऊन स्वतःचे दट्टे आणि दांडे मोडून घेईल. उलट रिकाम्या चालींत थोडी कमतरता पडली कीं तें बंद पडेल. म्हणून माणसाच्या पायापेक्षां जलद आणि न थकणारा एक पहारेकरी दांडीपाशीं बसवणें भाग पडलें.

पहारेकरी नवा नव्हता. जेम्स वॅट यानें १७८८ सालीं आपल्या वाफेच्या इंजिनावर दोन फिरते गोळे बसविले होते. वेग वाढला कीं गोळे बाहेर पसरत आणि वाफेची झडप मिटत. वेग उतरला कीं गोळे जवळ येत आणि झडप उघडे. हीच कल्पना लहान आकारांत डिझेल पंपाच्या टोंकाशीं येऊन बसली. तिच्याबरोबर तिचा जुना दोषही आला. सांधे झिजले, घर्षण वाढलें, किंवा उत्तर येण्यास उशीर लागला, कीं नियामक गरजेपेक्षां अधिक पुढें जातो, मग चूक सुधारण्यास गरजेपेक्षां अधिक मागें येतो, आणि इंजिन एका लयींत गुरगुरूं व मंदावूं लागतें. या हेलकाव्यांचें गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यानें १८६८ सालींच मांडून ठेविलें होतें. नव्वद वर्षांनंतर एखाद्या गॅरेजांत उभा असलेला ट्रक तसाच हेलकावत असे, तेव्हां मिस्त्री नकळत मॅक्सवेलचाच प्रश्न सोडवीत असे.

मोटारींवरचे नियामक मुख्यतः दोन जातींचे. फिरत्या वजनांच्या जातींत कांहीं नियामक फक्त रिकाम्या चालीचा तळ व कमाल वेगाचें टोंक एवढ्याच दोन सीमा राखतात. मधल्या प्रदेशांत दांडी बव्हंशीं चालकाच्या पायाशीं जोडलेली असते. कांहीं मात्र सर्वच वेगांवर अंमल चालवितात. तेथें चालक पायानें वेग सांगतो आणि त्या वेगाला लागणारें तेल नियामक ठरवितो. दुसरी जात हवेच्या ओढीवर चालणाऱ्या नियामकाची. स्वस्त व साधा असल्यामुळें तो १९३० नंतरच्या दशकांत हलक्या व मध्यम इंजिनांवर पसरला. इंग्लंडांतील पर्किन्सच्या प्रसिद्ध 'पी ६' इंजिनावर तो होता. येथें अॅक्सिलरेटरची पट्टी पंपाला जोडलेलीच नसते. ती हवेच्या वाटेंतील एका फुलपांखरी झडपेला जोडलेली असते. त्या झडपेपाशीं निर्माण होणारी ओढ एका बारीक नळीनें पंपाच्या मागील डबींत पोंचते. डबींत कातड्याचा एक पडदा असतो. ओढ अधिक असेल तर पडदा दांडीला कमी तेलाकडे खेंचतो. ओढ कमी झाली तर मागची स्प्रिंग दांडीला पुऱ्या तेलाकडे ढकलते. पट्टी दाबणें याचा अर्थ तेल देणें असा नसून, ओढ कमी करून नियामकाला विनंति करणें एवढाच आहे.

भारतांत डिझेल इंजिन प्रथम शेतांत आणि गिरणींत रुजलें. साताऱ्याच्या कूपर कारखान्यानें हें काम स्वातंत्र्यापूर्वींच हातीं घेतलें होतें, आणि १९४६ सालीं पुण्याजवळ किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. रस्त्यावरील मोठी घटना १९५४ ची. त्या वर्षीं जमशेदपूर येथें टेल्कोनें डाइम्लर-बेंझच्या सहकार्यानें मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. तिकडे बंगळूर येथें बॉशच्या सहकार्याची मोटार इंडस्ट्रीज कंपनी १९५१ मध्यें स्थापन झाली होती. देशांतील पंपांना आणि नोझलांना लोक पुढें 'मायको' याच नांवानें ओळखूं लागले. पूर्वकक्षाचें तें सहा सिलिंडरी इंजिन घेऊन बोरघाट आणि कसारा घाट चढणाऱ्या गाड्यांनीं एक नवा कारागीरवर्ग जन्मास घातला. 'पंपवाला' हा मिस्त्रीहून निराळा गणला जाऊं लागला. शाळेंत फारसें न शिकलेल्या या माणसांनीं धुराच्या रंगावरून आणि नळीवर ठेवलेल्या बोटावरून रोग ओळखण्याची विद्या कमावली.

या विद्येचा पहिला नियम असा कीं, शोध पायापासून सुरू करून नोझलापर्यंत जावें. पंपापासून सुरू करूं नये. पट्टी पूर्ण दाबली असतां तिच्या दुसऱ्या टोंकाचा दांडा खरोखर शेवटच्या अडसरापर्यंत पोंचतो कीं नाहीं, हें दुसऱ्या माणसाला पाहावयास सांगावें. झिजलेली पिन, वांकलेली सळई, पट्टीखालीं सरकलेला चटईचा तुकडा, एवढ्यानेंही चौथा हिस्सा शक्ति हरवते. त्यानंतर धुराकडे पाहावें. जोर नाहीं आणि धूरही नाहीं, तर इंजिन उपाशी आहे. जोर नाहीं आणि काळा धूर फार, तर तेलाच्या मानानें हवा अपुरी आहे किंवा फवारा बिघडला आहे. पांढरट धूर गरम इंजिनावरही टिकला, तर फवारा उशिरां पडतो आहे किंवा सिलिंडरांत दाब पुरेसा नाहीं. निळसर धूर वंगणाचें तेल जळत असल्याचें सांगतो.

उपाशी इंजिनाचें कारण बहुधा क्षुल्लक असतें. गाळणी चोंदलेली असते. फीड पंपाच्या झडपेंत कचरा असतो. अथवा टांकीच्या झांकणांतील हवेचें छिद्र बुजलेलें असतें. या शेवटच्या दोषाची खूण मोठी बोलकी आहे. गाडी सकाळीं ठीक निघते, कांहीं मैलांवर दम तुटतो, आणि झांकण उघडतांच फुसकारा होऊन ती पुन्हां बरी होते. टांकी आणि फीड पंप यांच्यामधील नळीच्या सांध्यांतून हवा शिरत असेल, तर तेथें तेल ठिबकतांना दिसत नाहीं. उलट हवा आंत ओढली जाते, म्हणून दोष लपून राहतो. पंपावरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंपानें तेल चढवावें. फेंस थांबून अखंड धार आली तर ठीक. फेंस पुनः पुन्हां येत राहिला तर गळती शोधलीच पाहिजे. एकेका नोझलाच्या नळीची चकती क्रमानें सैल केली, तर चालूं सिलिंडर बंद पडतांच इंजिनाचा आवाज बदलतो. ज्या नळीनें आवाज बदलत नाहीं, तोच सिलिंडर आजारी. मात्र सुट्या नोझलाची परीक्षा करतांना फवाऱ्यापुढें हात कधींही धरूं नये. पूर्वकक्षाच्या इंजिनांतही तो शंभर वातावरणांहून अधिक दाबानें सुटतो आणि कातडी भेदून आंत जातो.

हवेच्या ओढीच्या नियामकाचा दोष याहून फसवा असतो. कातड्याचा पडदा सुकून कडक झाला, तर पाय दाबल्यावर इंजिन विचार करीत बसतें आणि पाय काढल्यावरही लगेच उतरत नाहीं. पडद्याला भोंक पडलें किंवा नळीचा सांधा सुटला, तर ओढच नाहींशी होते, स्प्रिंग जिंकते, आणि दांडी पुऱ्या तेलाकडे जाते. इंजिन आपोआप चढत जातें. तें चालकाला शक्तीचें लक्षण वाटतें. वास्तविक तो पहारेकऱ्याचा मृत्यु असतो. परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद असतांना नळी पंपाच्या बाजूस सोडावी, बंद करण्याची दांडी दाबून धरावी, डबीचें तोंड बोटानें घट्ट मिटावें आणि दांडी सोडावी. पडदा धड असेल तर ती थोडी परत येऊन थबकते. सरळ परत आली तर हवा कोठून तरी शिरत आहे. या नियामकाची आणखी एक मर्यादा डोंगरी मुलखांत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. चढावर गिअरमध्यें असलेली गाडी मागें घसरली आणि इंजिन उलटें फिरून चालूं झालें, तर तें धुराच्या नळीनें हवा घेतें आणि हवेच्या गाळणींतून धूर सोडतें. फुलपांखरी झडपेपाशीं ओढ उरत नाहीं, आणि कोणताही लगाम राहत नाहीं. अशा वेळीं तेल बंद करणें, किंवा ब्रेक धरून वरच्या गिअरमध्यें इंजिन दडपणें, हाच उपाय.

या सर्व तपासाला कंटाळलेला चालक जो सोपा मार्ग धरतो, तोच सर्वांत महाग पडतो. पंपावर कमाल तेलाचा एक स्क्रू असतो आणि त्यावर शिशाचें सील असतें. सील तोडून स्क्रू फिरविला कीं गाडी चार दिवस जोर दाखविते. सिलिंडरांत हवा मात्र तितकीच असते. जळूं न शकलेलें तेल काळा धूर होऊन मागच्या गांवांवर पसरतें. उरलेलें सिलिंडरांच्या भिंतीवरचें वंगण धुवून टाकतें, आणि दट्टे व झडपा जास्त तापूं लागतात. मूळ दोष चोंदलेल्या गाळणींत होता, तो तेथेंच राहतो. कर्जानें घेतलेल्या एकुलत्या एक ट्रकवर ज्याचें घर चालतें, त्याला दोन रुपयांची गाळणी न बदलल्याची किंमत इंजिनाच्या दुरुस्तींत मोजावी लागल्याचीं उदाहरणें प्रत्येक ट्रक-अड्ड्यावर ऐकावयास मिळत. सील हें मालकावरचा अविश्वास नव्हे. हवेच्या मापाशीं तेलाचें माप जुळविणाऱ्याची ती सही आहे.

पुढच्या काळांत पहारेकऱ्याचें रूप बदललें. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यानें १९०५ सालीं पेटंट घेतलेली धुराच्या झोतावर फिरणाऱ्या हवापंपाची युक्ति, म्हणजे टर्बो, ट्रकांवर सर्रास आली. टर्बोला वेग घेण्यास क्षणभर लागतो. तेवढ्या अवधींत पुरें तेल दिलें तर काळा धूरच होईल. म्हणून हवेचा दाब चढेपर्यंत तेल रोखून धरणारें उपकरण पंपावर आलें. अशा गाडींत किंचित् विलंब हा दोष नसून हेतु असतो. पण त्या उपकरणाकडे जाणारी बारीक नळी फुटली, तर विलंब कायमचा होतो. १९९५ सालीं जपानांत सामाईक नळींतून विजेच्या झडपांनीं तेल सोडणारी पद्धत प्रथम ट्रकावर आली. भारतांत १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले, आणि नव्या ट्रकांतील जुन्या पंपाचें युग संपलें. आतांच्या पट्टीखालीं दांडाही नसतो; असतो तो पट्टीची जागा विजेच्या खुणेनें कळविणारा एक लहानसा सेन्सर.

तरीही मूळ नातें बदललेलें नाहीं. वॅटचे गोळे, कातड्याचा पडदा आणि आजचा संगणक, या तिघांनीं एकच काम वंशपरंपरेनें केलें आहे. चालक मागतो, नियामक हवा, वेग आणि भार पाहून देतो. खेड्यापाड्यांतून आणि खाणींतून अजूनही धांवणाऱ्या जुन्या ट्रकाचा पाय जड झाला, तर नियामकाला दोष देण्यापूर्वीं त्याच्यापर्यंत खरी बातमी पोंचते कीं नाहीं, आणि त्याच्या हातांत देण्याजोगें स्वच्छ तेल व पुरेशी हवा आहे कीं नाहीं, एवढें पाहणें हीच जुन्या पंपवाल्यांची शिकवण होती. तिला अजून पर्याय निघालेला नाहीं.